विमान आधी, इंजिन नंतर: मॉडेलसाठी टू-स्ट्रोक घ्यावं की फोर-स्ट्रोक?

दर वर्षी दिवाळी झाली, ऊसतोड सुरू झाली आणि रानं मोकळी व्हायला लागली की कोल्हापूरजवळच्या आमच्या मॉडेल विमानं उडवायच्या माळावर दोन-तीन नवे चेहरे दिसतात. कुणी पुण्याहून सुट्टीला आलेला इंजिनीअर, कुणी गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत शिफ्ट करणारा, तर एखादा अकरावीतला पोरगा वडिलांना ओढत घेऊन आलेला. प्रश्न ठरलेला: "काका, टू-स्ट्रोक घेऊ का फोर-स्ट्रोक?" मी विचारतो, विमान कुठलं आहे? उत्तर येतं, "ते अजून ठरवलं नाही."

घोडं इथंच पेंड खातं.

माझं मत आधीच सांगून टाकतो, म्हणजे घाईत असलेल्यांची सोय होईल. पहिलं इंजिन टू-स्ट्रोक घ्या, ०.४६ घनइंचाचं म्हणजे साधारण ७.५ सीसीचं, बॉल बेअरिंगवालं, आणि ते चाळीसच्या ट्रेनरवर, म्हणजे ०.४० घनइंचाच्या आसपासच्या इंजिनासाठी बनवलेल्या शिकाऊ विमानावर लावा. दहा-बारा लिटर इंधन जाळून झालं, नुसत्या आवाजावरून रिच-लीन (मिश्रणात इंधन जास्त की कमी) कळायला लागलं, की मग फोर-स्ट्रोककडे वळा. नुसतं उडवायला शिकायचं असेल तर बॅटरी-मोटरचं विमान सोपं पडतं, ते खुशाल घ्या. ज्यांना हाताला एरंडेलाचा वास लागल्याशिवाय विमान उडवल्यासारखं वाटत नाही, त्यांच्यासाठी पुढचं सगळं. "जाळ अन् धूर संगटच" म्हणणाऱ्या गावात अशांची कमी नाही.

आत काय चालतं ते एकदा बघून घ्या

ज्यानं आरएक्स १०० आणि बुलेट दोन्ही चालवल्यात त्याला अर्धा धडा येतोच. टू-स्ट्रोक प्रत्येक फेऱ्याला एकदा पेटतं. फोर-स्ट्रोक एक फेरा सोडून पेटतं: ओढणं, दाबणं, पेटणं, बाहेर टाकणं या चार हालचालींना क्रँकचे दोन फेरे लागतात. विहिरीवरचं ऑइल इंजिन याच हिशेबानं चालतं.

टू-स्ट्रोक हातात मिळालं तर एक गोष्ट जरूर करा. प्लग काढून ठेवा, थ्रॉटल पूर्ण उघडा आणि कार्बोरेटरच्या तोंडातून आत बघत पंखा (प्रोपेलर) हळूहळू फिरवा. क्रँकशाफ्टला एक खिडकी कापलेली दिसेल. ती वर आली की इंधन-हवेचं मिश्रण पोकळ शाफ्टमधून क्रँककेसमध्ये जातं, पुढे गेली की दार बंद. पिस्टन खाली येताना तेच मिश्रण बाजूच्या पोर्टमधून वर ढकलतो आणि जळालेला गॅस समोरच्या एक्झॉस्ट पोर्टमधून निघून जातो. व्हॉल्व्ह नाही, कॅम नाही. मुख्य हलणारे भाग तीनच: पिस्टन, कनेक्टिंग रॉड, क्रँकशाफ्ट. बिघडायला जागाच कमी.

फोर-स्ट्रोकमध्ये याच्या जोडीला निम्म्या वेगानं फिरणारा कॅम, दोन पुशरॉड, दोन रॉकर, दोन व्हॉल्व्ह आणि त्यांच्या स्प्रिंगा. माझं इंजिन पहिल्यांदा उद्यमनगरातल्या एका लेथवाल्या मामांना दाखवलं तेव्हा त्यांनी रॉकर कव्हर काढलं, चष्मा कपाळावर सरकवला आणि म्हणाले, "आवो, हे तर बुलेटचं पोर हाय की!" खरंच आहे. जुन्या बुलेटलाही पुशरॉडच.

आवाजातला फरकही इथूनच येतो. टू-स्ट्रोक मिनिटाला १२,००० फेरे फिरलं तर १२,००० वेळा पेटतं, म्हणजे सेकंदाला २००. फोर-स्ट्रोक ९,५०० फेऱ्यांवर ४,७५० वेळाच पेटतं, सेकंदाला ८० च्या आत. एक किंचाळतं, दुसरं घुमतं. आमच्या माळाला लागून एक गोठा आहे. टू-स्ट्रोक सुरू झालं की म्हैस पान्हा चोरते अशी तिथल्या मावशींची तक्रार, म्हणून धारेच्या वेळेला आम्ही टू-स्ट्रोक बंद ठेवतो. फोर-स्ट्रोकबद्दल त्या अजून काही बोललेल्या नाहीत.

दोन्हीत ठिणगीचा प्लग नसतो, ग्लो प्लग असतो. अमेरिकेत रे आर्डेन यांनी १९४७ मध्ये तो बाजारात आणला आणि मॉडेलवाल्यांची कॉइल, कंडेन्सर, बॅटरी या लटांबरातून सुटका झाली. सुरू करताना सव्वा ते दीड व्होल्ट देऊन तार लाल करायची. एकदा इंजिन धरलं की बॅटरी काढली तरी तार तापलेलीच राहते, कारण तारेत प्लॅटिनम असतं आणि मिथेनॉलची वाफ प्लॅटिनमला लागली की तिथे उष्णता तयार होते. फोर-स्ट्रोकमध्ये तारेला एक अख्खा रिकामा फेरा तग धरायचा असतो, म्हणून त्याला जास्त वेळ तापून राहणारा प्लग लागतो. 'एफ' प्रकारचा मागा. टू-स्ट्रोकचा प्लग फोर-स्ट्रोकला लावला तर बॅटरी काढल्याबरोबर इंजिन गचके देतं, आणि नवा माणूस दोन दिवस कार्बोरेटरवर संशय घेत बसतो.

आता हमखास विचारला जाणारा प्रश्न. आपल्याकडे एवढे साखर कारखाने, एवढं इथेनॉल, मग तेच का नाही वापरायचं? कारण प्लॅटिनमची ही करामत मिथेनॉलबरोबर जशी जमते तशी इथेनॉलबरोबर जमत नाही. नाद सोडा.

पहिली पायरी: विमान आणि माळ

चाळीसचं ट्रेनर म्हणजे वर पंख असलेलं, साधारण दीड मीटर पंखांचं, अडीच किलोच्या आसपास वजनाचं विमान. खोक्यावर दोन आकडे छापलेले असतात, टू-स्ट्रोकसाठी एक आणि फोर-स्ट्रोकसाठी एक. ते वाचा. निम्मा वाद तिथेच मिटतो.

ट्रेनर, खाली पंख असलेलं साधं स्पोर्ट विमान, वेगाचं काहीही: टू-स्ट्रोक. पायपर कब, टायगर मॉथ, दोन मजली पंखांची जुनी विमानं: फोर-स्ट्रोक. शोभा हे त्याचं एक कारण, पण खरं कारण नाकात आहे. या विमानांचं नाक रुंद असतं. लहान पंखा लावला तर त्याची मधली बरीच हवा नाकावरच आपटते आणि वाया जाते. पंखा मोठा हवा, मोठा पंखा सावकाश फिरवायला हवा, आणि सावकाश फिरून जोर काढणं हे फोर-स्ट्रोकचं काम.

माळाचाही विचार करा. कोल्हापूरच्या आसपास सपाट जागा म्हणजे चारही बाजूंनी ऊस. हवेत इंजिन बंद पडलं आणि विमान उभ्या उसात गेलं, तर ते पाच फुटांवर असूनही दिसत नाही आणि पाचटानं हात सोलून निघतात ते वेगळंच. माझं एक ट्रेनर दोन दिवस उसात होतं. तेव्हापासून एक सवय लावून घेतली आहे: विमान पडलं की जिथे उभे आहात तिथून हलायचं नाही, पलीकडच्या एखाद्या नारळाची किंवा खांबाची खूण धरायची, आणि दूर उभ्या असलेल्या दुसऱ्या माणसालाही त्याच्या जागेवरून खूण धरायला सांगायचं. दोन रेषा जिथे कापतात तिथे ऊस बाजूला सारायचा. पहिल्या वर्षी तर, माझा सल्ला, ऊस तुटल्यावरच उडवा.

एक कायद्याची गोष्ट. विमानतळ उजळाईवाडीला आहे, १९३९ पासूनचा. २०२१ च्या ड्रोन नियमांत हौसेखातर, नजरेच्या टप्प्यात उडवायच्या २५ किलोपर्यंतच्या विमानाला मॉडेल म्हणून वेगळी जागा दिली आहे आणि त्याला टाइप सर्टिफिकेट लागत नाही. हवाई क्षेत्राची बंधनं मात्र लागतात. विमानतळाच्या हद्दीपासून ८ किलोमीटरच्या आत परवानगीशिवाय उडवता येत नाही, ८ ते १२ किलोमीटरमध्ये ६० मीटर उंचीची मर्यादा, त्यापलीकडे मोकळ्या क्षेत्रात १२० मीटर. शहरातली बरीच मैदानं यातच बाद होतात. जागा ठरवण्याआधी डिजिटल स्काय या सरकारी ड्रोन संकेतस्थळाच्या नकाशावर बघून घ्या.

दुसरी पायरी: आकड्यांचा हिशेब

टू-स्ट्रोकइतकाच दम हवा असेल तर फोर-स्ट्रोक साधारण सव्वा ते दीडपट मोठं घ्यावं लागतं. ०.४० च्या जागी ०.५२ ते ०.६०, ०.४६ च्या जागी ०.७०. नवखे इथे फसतात. "फोर्टीसिक्सचं विमान आहे, फोर्टीच्या आसपासचं फोर-स्ट्रोक चालेल की," म्हणून लहान घेतात आणि मग गवतातून विमान उठतच नाही.

वजनही बघा. ०.४६ चं टू-स्ट्रोक सायलेन्सरसकट पाचशे ग्रॅमच्या आसपास भरतं, ०.७० चं फोर-स्ट्रोक त्याहून जड. नाक जड झालं की विमानातली रेडिओची बॅटरी मागे सरकवावी लागते. ते आधीच मोजून घ्या, शेपटीत शिसं भरायची वेळ येऊ देऊ नका.

आता पंखा. पंख्यावर ११ बाय ६ असं लिहिलेलं असतं: व्यास ११ इंच, आणि लोण्यात स्क्रू फिरवल्यासारखा फिरला तर एका फेऱ्यात ६ इंच पुढे जाईल. ०.४६ च्या टू-स्ट्रोकवर ११ बाय ६ मिनिटाला १२,००० फिरला, तर कागदावर ताशी ११० किलोमीटर होतात. ०.७० च्या फोर-स्ट्रोकवर १३ बाय ६ साडेनऊ हजार फिरला, तर ८७. दम जवळपास सारखा, पण पहिल्यानं तो वेगात घालवला आणि दुसऱ्यानं मोठ्या व्यासाच्या हवेला धक्का देण्यात. जड, गुबगुबीत, सावकाश उडणाऱ्या विमानाला दुसरा व्यवहार फायद्याचा. ट्रेनरला दोन्ही चालतात, म्हणून तिथे स्वस्त आणि साधं इंजिन जिंकतं.

आणखी एक वजावट लक्षात ठेवा. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या आसपास आहे. इथली हवा समुद्रकाठच्या हवेपेक्षा पाच टक्क्यांच्या आसपास विरळ, तेवढाच दम कमी. एप्रिलच्या दुपारी त्यात आणखी घट. खोक्यावर "०.४० ते ०.४६" असेल तर म्हणूनच मी वरचा आकडा घ्यायला सांगतो.

किमतीचं थोडक्यात: सारख्या दमाचं फोर-स्ट्रोक साधारण दीड ते दोन पट महाग पडतं. ओएस, सायटो, एन्या ही जपानी नावं तुम्ही ऐकालच. ओसाकाची ओएस कंपनी १९३६ पासूनची, आणि तिनं १९७६ मध्ये एफएस-६० काढल्यावर फोर-स्ट्रोक सामान्य हौशी माणसाच्या हातात यायला लागलं.

तिसरी पायरी: इंधन

आपल्याकडे बहुतेक जण साधं मिश्रण वापरतात: लिटरमध्ये ८०० मिली मिथेनॉल आणि २०० मिली तेल. इंधनात मिसळायचं नायट्रोमिथेन सहज मिळत नाही आणि मिळालं तर महाग. टू-स्ट्रोक त्यावाचून मजेत चालतं. फोर-स्ट्रोक चालतं, पण मंद फिरताना जरा अडखळतं. पाच-दहा टक्के नायट्रोनं त्याची आयडलिंग सुधारते. पहिलं इंजिन टू-स्ट्रोक घ्या म्हणण्यामागचं हे एक मोठं कारण.

तेल म्हणजे एरंडेल किंवा सिंथेटिक किंवा दोन्ही मिसळून. औषधाच्या दुकानातली बाटली नको. चिकट अंश काढलेलं, 'डीगम्ड' एरंडेल मागा. इंजिन चुकून लीन झालं, तापलं, तरी एरंडेल पिस्टनला सांभाळून घेतं. नवख्याच्या चुका पोटात घालणारं तेल आहे ते. बदल्यात विमान चिकट होतं आणि ठेवून दिलेलं इंजिन आवळतं, ते पुढे येईलच. आरएक्समध्ये घालत होतो ते टू-टी ऑइल इथे उपयोगाचं नाही, ते मिथेनॉलमध्ये विरघळत नाही. आणि एक गैरसमज: फोर-स्ट्रोकला वेगळं इंजिन ऑइल नसतं. त्याचं वंगणही इंधनातूनच जातं, म्हणून तेल कमी करायचं नाही.

मिथेनॉल विष आहे, आणि त्याची खरेदी-विक्री परवान्याच्या कक्षेत येते. ओळखीच्या परवानाधारक विक्रेत्याकडूनच घ्या, धातूच्या डब्यात ठेवा, डब्यावर मोठ्या अक्षरात "विष" लिहा. पाण्याच्या बाटलीत कधीही, पाच मिनिटांसाठीसुद्धा, ओतून ठेवू नका. पोटात गेलं तर डोळे जातात, जीवही जातो, आणि कातडीतूनही ते अंगात शिरतं. उन्हात त्याची ज्योत दिसत नाही. हवा थरथरताना दिसली, रंग फुगायला लागला, म्हणजे पेटलं आहे समजा. ओलं गोणपाट जवळ असू द्या.

चौथी पायरी: नाकात बसवणं

टू-स्ट्रोकचा नियम एवढाच: टाकीचा मध्य कार्बोरेटरच्या नीडलच्या (इंधन कमी-जास्त करायच्या सुईच्या) रेषेत किंवा बोटाच्या निम्म्या जाडीइतका खाली. फोर-स्ट्रोकचा कार्बोरेटर बहुधा मागे आणि खालच्या बाजूला असतो. म्हणजे टू-स्ट्रोक काढून त्याच नाकात फोर-स्ट्रोक बसवलं तर टाकी आपोआप उंच ठरते.

या एका वाक्यासाठी मी पैसे मोजलेत. पहिलं फोर-स्ट्रोक बसवलं, टाकी होती तिथेच ठेवली, इंधन भरलं आणि चहाला गेलो. परत येईपर्यंत इंधन आपल्या वजनानंच उतरून सिलिंडरमध्ये साचलं होतं. हवा दाबली जाते, इंधन दाबलं जात नाही. मी स्टार्टर टेकवला. 'टक्' असा बारीक आवाज आला आणि पंखा थांबला. मी पुन्हा टेकवला. उघडल्यावर कनेक्टिंग रॉड वाकलेली निघाली. तेव्हापासून नियम: फोर-स्ट्रोकला स्टार्टर लावण्याआधी पंखा हातानं दोन पूर्ण फेरे फिरवायचा, प्लगला बॅटरी न जोडता. कुठे अडकला तर प्लग काढून विमान उलटं करायचं.

फोर-स्ट्रोकला पंख्याचा एक नट पुरत नाही. मिश्रण लीन झालं तर ते उलटा झटका देतं, नट सैल होतो आणि पंखा सुटून येतो. वर दुसरा लॉक नट हवाच.

पाचवी पायरी: पहिलं स्टार्ट आणि नीडल

विमान कुणाला तरी मागून धरायला लावा. सुरू झाल्यावर तुम्हीही पंख्याच्या मागे या आणि नीडल मागूनच फिरवा. पंख्याच्या सपाटीत, म्हणजे बाजूला, कुणालाही उभं करू नका. बोटानं नाही, लाकडी काठीनं फटका मारा.

नवं टू-स्ट्रोक बहुतेक पितळी लायनर (सिलिंडरची आतली नळी) आणि अ‍ॅल्युमिनियम पिस्टनचं, रिंग नसलेलं असतं. पिस्टन वरच्या टोकाला आला की ते आवळतं. घाबरू नका, ते तसंच बनवलेलं असतं. तापल्यावर लायनर फुगून मोकळं होतं. म्हणूनच त्याला फार रिच ठेवून थंड चालवू नका. रिंगवाल्या इंजिनाला, म्हणजे बहुतेक फोर-स्ट्रोकना, उलटी वागणूक: सुरुवातीला भरपूर रिच, दोन-तीन मिनिटं चालवायचं, गार होऊ द्यायचं, पुन्हा चालवायचं.

टू-स्ट्रोकचं ट्यूनिंग कानानं होतं. नीडल जास्त उघडी असली की ते एक फेरा सोडून पेटायला लागतं आणि चक्क फोर-स्ट्रोकसारखं गुरगुरतं. पूर्ण थ्रॉटलवर नीडल थोडी थोडी बंद करत चला. गुरगुर तुटून आवाज एकसुरी, तीक्ष्ण झाला की थांबा आणि दोन-तीन खटके परत उघडा. आता इंधनाची नळी चिमटीत क्षणभर दाबा. फेरे किंचित चढून मग उतरले तर बरोबर. दाबल्याबरोबर उतरले तर लीन आहे, आणखी उघडा. शेवटी विमानाचं नाक आकाशाकडे करून दहा सेकंद धरा. आवाज टिकला तरच उडवा.

फोर-स्ट्रोकला ही गुरगुर-तीक्ष्ण सीमा नसते. ते चांगल्या मिश्रणावरही घुमतं आणि वाईटावरही घुमतं, म्हणून कानावर विसंबता येत नाही. टॅकोमीटर (फेरे मोजायचं यंत्र) घ्या. सर्वात जास्त फेरे किती निघतात ते बघा आणि तिथून २०० ते ३०० फेरे कमी होईपर्यंत नीडल उघडा. माळावर कुणी अनुभवी माणूस नसेल आणि टॅकोमीटरही नसेल, तर पहिलं इंजिन फोर-स्ट्रोक घेणं म्हणजे आंधळी कोशिंबीर.

हवामानाचं एक. डिसेंबरात सकाळी आठला थंडी असते, हवा दाट असते, तिला इंधन जास्त लागतं. काल दुपारी उन्हात लावलेली नीडल तशीच ठेवून आज सकाळी उडवलं, तर इंजिन लीन चालणार आणि वर गेल्यावर बंद पडणार. माझं उसात गेलेलं ट्रेनर असंच गेलं. सकाळी आधी एक-दोन खटके उघडा, मग बघा.

टॅपेट

टॅपेट लावणं म्हणजे रॉकर आणि व्हॉल्व्हमधलं अंतर नीट करणं; फोर-स्ट्रोक घेणाऱ्याला हे टळत नाही. पहिल्या तासाभराच्या चालण्यानंतर एकदा, मग हंगामात एक-दोनदा. इंजिन पूर्ण थंड असताना पंखा फिरवून पिस्टन दोन्ही व्हॉल्व्ह बंद असलेल्या वरच्या टोकाला आणा. रॉकर आणि व्हॉल्व्हच्या दांडीमध्ये फीलर गेजचं पातं सरकवा. पुस्तिकेत बहुधा ०.०४ ते ०.१० मिमी लिहिलेलं असतं. ०.०४ चं पातं सहज जावं, ०.१० चं जाऊ नये. मोटरसायकलच्या गेजमध्ये एवढी पातळ पाती बहुतेकदा नसतात, इंजिनाबरोबर आलेली जपून ठेवा. अंतर जास्त झालं तर टकटक वाढते आणि दम जातो. अंतर उरलंच नाही तर व्हॉल्व्ह नीट बसत नाही, जळतो. काम दहा मिनिटांचं आहे, पण पहिल्यांदा टॅपेट लावून दाखवणारा कुणीतरी शेजारी असावा.

जुनं इंजिन घेताना

टू-स्ट्रोक असेल तर सायलेन्सर काढून एक्झॉस्टमधून पिस्टनची बाजू बघा. उभे ओरखडे दिसले तर माती गिळलेली आहे. या इंजिनांना एअर फिल्टर नसतो आणि आपली तांबडी माती पॉलिश पेपरसारखं काम करते. पंखा फिरवताना खरखर लागली तर बेअरिंग गेलीत. ती फारशी मोठी गोष्ट नाही, बेअरिंगवरचा नंबर वाचून बहुधा बाजारातच जोड मिळते. जुनं फोर-स्ट्रोक मात्र मागचं कव्हर उघडून आतला गंज बघितल्याशिवाय घेऊ नका. पिस्टनच्या बाजूनं निसटलेला जळका गॅस क्रँककेसमध्ये साचतो, त्यात पाणी असतं, आणि बेअरिंग, कॅम सगळं तिथेच असतं. विकणारा उघडू देत नसेल तर नमस्कार करून घरी या.

पावसाळा

जूनमध्ये माळ हिरवा होतो आणि इंजिनं सप्टेंबर संपेपर्यंत कपाटात जातात. मिथेनॉल हवेतली ओल ओढतं, आपल्या पावसात तर विचारूच नका. शेवटच्या दिवशी टाकी रिकामी करा, नळी काढून इंजिन आतलं इंधन संपून बंद पडेपर्यंत चालवा. मग प्लगच्या भोकातून आणि कार्बोरेटरमधून आफ्टर-रन ऑइलचे (इंजिन ठेवून देताना घालायच्या गंजरोधक तेलाचे) थेंब सोडा, पंखा दहा-बारा वेळा फिरवा. फोर-स्ट्रोकला मागच्या ब्रीदरच्या (क्रँककेसमधला गॅस बाहेर सोडणाऱ्या) नळीतूनही सोडा; गंज तिथेच धरतो.

एवढं करूनही ऑक्टोबरात इंजिन हलत नसेल तर ते बिघडलेलं नाही, एरंडेल सुकून डिंक झालाय. पंख्याला जोर लावू नका, रॉड वाकेल. केस वाळवायचा ड्रायर पाच-सात मिनिटं डोक्यावर आणि क्रँककेसवर धरा, थोडं तेल सोडा, वाट बघा, मग हातानं अलगद मागे-पुढे करा. आमच्या घरचा ड्रायर आता माझ्याच पेटीत असतो, त्याला एरंडेलाचा वास लागल्यावर तो परत घ्यायला कुणी तयार झालं नाही. पंखा दोन पूर्ण फेरे मोकळा फिरला की जुना प्लग टाकून नवा लावा आणि नीडल मागच्या हंगामापेक्षा अर्धा फेरा जास्त उघडून सुरू करा.